जुनी अल्टो घेताय? आधी बॉनेटवर हात ठेवून बघा

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी २००८ ची अल्टो, घेऊन जेमतेम सात आठवडे झालेले. खंबाटकी चढताना तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला. बायको म्हणाली, "अहो, काटा वर चाललाय. थांबूया का जरा?" मी म्हणालो, "घाट संपला की थांबू." घाट संपला तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं होतं, हेड वाकलं होतं. ते लेथवर प्लेन करून आणलं, नवं गॅस्केट, नवा रेडिएटर, मजुरी, टोइंग. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेल्या गाडीने दोन महिन्यांत सतरा हजार खाल्ले. जुना रेडिएटर मेकॅनिकने माझ्यासमोर उलटा केला तेव्हा त्यातून चहाच्या चोथ्यासारखा गंजाचा गाळ पडला. कोणीतरी वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी भरत आलं होतं. गाडी घेताना मी सीट कव्हर बघितली, टेप वाजवून बघितला, चार दारं चार वेळा उघडून मिटली. रेडिएटरचं झाकण काही उघडलं नाही.

त्यानंतर मित्रांसाठी, मेहुण्यासाठी, सोसायटीतल्या दोघांसाठी अशाच जुन्या अल्टो बघायला गेलो. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. पहिलीच गाडी घेत असाल, बजेट कमी असेल आणि ८०० सीसीची मारुती मनात असेल, तर हे तुमच्यासाठी.

१. आधी इंजिन कागदावर ओळखा

अल्टो म्हटलं की सगळ्या सारख्या, असं नाही. आरसी बुकावर दोन गोष्टी बघा, क्युबिक कपॅसिटी आणि इंजिन नंबर. ७९६ सीसी आणि नंबराची सुरुवात एफ८डी असेल तर हा लेख त्याच इंजिनाचा आहे. ९९८ सीसी आणि के१०बी असेल तर ती अल्टो के१०. तिचं इंजिन वेगळं, आणि खालची निम्मीच माहिती तिला लागू पडते.

एफ८डी म्हणजे तीन सिलिंडर, बारा वाल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट (वाल्व्ह उघडणारा दांडा), पेट्रोल एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टर. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी, पिस्टनची धाव ७२ मिमी. या व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, त्याला धावेने आणि मग तीनने गुणा, ७९६ घन सेंटिमीटर येतात. मारुती ८०० च्या जुन्या एफ८बी इंजिनाचं मापही हेच होतं, फक्त त्याला वाल्व्ह सहा होते. ती गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. अल्टो भारतात आली २००० साली. २०१२ च्या ऑक्टोबरात तिची जागा अल्टो ८०० ने घेतली, ती २०२३ पर्यंत चालली. म्हणजे याच घराण्याची इंजिनं चाळीस वर्षं आपल्या रस्त्यांवर आहेत. तालुक्याच्या गावातला मेकॅनिकसुद्धा ते डोळे मिटून उघडतो, आणि माझ्या मते ही गाडी घेण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

ताकदीचे आकडे असे:

जुनी अल्टो (२००० ते २०१२): सुमारे ४७ पीएस (हॉर्सपॉवरचंच माप), ६२०० आरपीएमला. टॉर्क ६२ न्यूटन मीटर, ३००० आरपीएमला.
अल्टो ८०० (२०१२ नंतर): सुमारे ४८ पीएस, ६००० आरपीएमला. टॉर्क ६९ न्यूटन मीटर, ३५०० आरपीएमला.
अल्टो के१०, पहिली (२०१०): ९९८ सीसी, ६८ पीएस, टॉर्क ९० न्यूटन मीटर.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ एवढाच: चार माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असताना ही गाडी घाटात तिसऱ्या गिअरवर जाणार नाही. दुसरा टाका, इंजिनाला फिरू द्या. आवाज होतो, होऊ द्या. "पेट्रोल वाचतं" म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये घुसमटत नेणारे लोक इंजिनाचे जास्त हाल करतात. दर शनिवार-रविवारी कोकणात उतरणार असाल तर सरळ के१० बघा. गावात, ऑफिसला, भाजीला जायला एफ८डी भरपूर आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. के१०बी मध्ये टायमिंग चेन आहे, एफ८डी मध्ये टायमिंग बेल्ट आहे. वाल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा हा बेल्ट रबराचा असतो आणि त्याला आयुष्य असतं. त्यावर पुढे येतो.

तीन सिलिंडरची थरथर पहिल्यांदा चालवणाऱ्याला घाबरवते. तीन पिस्टनचे झटके एकमेकांना तोलतात खरे, पण इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलायला बघतं, आणि ते डोलणं माउंटिंगचे (इंजिन ज्यावर बसवतात त्या आधारांचे) रबर गिळतात. स्लो स्पीडला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, थोडी थरथर हा या इंजिनाचा स्वभावच आहे. गिअरचा दांडा हातभर नाचत असेल, आरशात मागची गाडी दोन दोन दिसत असेल, तर मात्र माउंटिंग गेलंय किंवा एक सिलिंडर काम करत नाहीये.

२. बघायला जाताना खिशात काय हवं

फार काही नको. चांगली टॉर्च, जुनं सुती फडकं, वर्तमानपत्राची दोन पानं, पाण्याची बाटली, आणि लहान आरसा मिळाला तर उत्तम. गाडी २०१३ नंतरची असेल तर ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर. त्या वर्षापासून गाड्यांना ओबीडी-२ आलं, त्यामुळे मोबाइलवर एरर कोड वाचता येतात. त्याआधीच्या गाड्यांना हा स्कॅनर बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून गाडी खराब आहे असं समजू नका.

आणि एक ओळखीचा मेकॅनिक. विकणाऱ्याचा नव्हे, तुमचा. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट आणलेला मेकॅनिक पाच मिनिटांत "गाडी ओके आहे" म्हणून मोकळा होतो.

३. गाडी थंड असताना जा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. विकणाऱ्याला फोनवर सांगा, "मी यायच्या आधी गाडी चालू करू नका." पोचल्यावर गप्पा मारता मारता बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, दोन तास थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. जुन्या इंजिनाची जवळपास सगळी लक्षणं थंड स्टार्टला दिसतात. गरम इंजिन ती झाकतं, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

थंड गाडीवर हे बघा.

रेडिएटरचं झाकण. फक्त थंड असताना उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, यात अतिशयोक्ती अजिबात नाही. आत हिरवं किंवा लालसर स्वच्छ कूलंट दिसलं तर बरं. साधं पाणी असेल तर प्रश्न विचारा. तांबूस, गढूळ असेल, झाकणाच्या रबरावर गंजाचा थर असेल, तर माझा रेडिएटर आठवा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर पुढचं काही बघू नका, घरी या.

ऑइलचं झाकण. काढून उलटं करा, टॉर्च मारा. काळपट-तपकिरी तेल ठीक. पांढरट-पिवळट, दुधावरच्या सायीसारखा चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. एक अपवाद आहे: पावसाळ्यात रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानेही थोडीशी साय धरते. म्हणून लगेच डिपस्टिक काढा. तीही दुधाळ असेल तर हेड गॅस्केटचं काम ठरलेलं.

डिपस्टिक. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आतच मावतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी असणं ही किरकोळ गोष्ट नाही. ऑइल एकदम नवं, सोनेरी असेल तर आनंद मानू नका, कधी बदललं ते विचारा. विकायच्या आदल्या दिवशी जाड ऑइल भरून धूर आणि खडखड दोन्ही झाकता येतं. बोटांमध्ये घेऊन बघा, मधासारखं दाट लागलं तर शंका घ्या.

इंजिनाचं अंग. धुऊन चकचकीत केलेलं इंजिन मला आवडत नाही. थोडी धूळ असलेलं इंजिन खरं बोलतं. वरच्या टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या) कडेने ऑइल पाझरलेलं या इंजिनात हमखास दिसतं. ते गॅस्केट स्वस्त आहे, त्यावरून किंमत थोडी पाडा आणि पुढे जा. टायमिंग बेल्टच्या प्लास्टिक कव्हरखालून ऑइल येत असेल तर गोष्ट वेगळी. कॅमचं किंवा क्रँकचं सील गेलंय आणि ऑइल बेल्टवर पडतंय. ऑइल लागलेला रबरी बेल्ट वेळेआधी तुटतो.

वायरिंग. रेडिएटरच्या पंख्याकडे जाणाऱ्या वायरी बघा. मध्येच काळी टेप, डॅशबोर्डखाली एखादं घरगुती बटण, किंवा चावी फिरवताच पंखा चालू होणारी "डायरेक्ट" जोडणी दिसली, तर गाडी कधीतरी गरम झाली आहे आणि मालकाने दुखणं शोधण्याऐवजी जुगाड केलं आहे, असं धरून चाला.

४. चालू करा आणि सायलेन्सरमागे उभे राहा

चावी विकणाऱ्याला फिरवू द्या. तुम्ही मागे उभे राहा. धूर पहिल्या दहा सेकंदांत काय ते सांगतो.

पांढरी वाफ थंडीत किंवा पावसात येते आणि दोन-चार मिनिटांत जाते. सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडणं तर चांगलं लक्षण. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर सिलिंडरमध्ये कूलंट जळतंय.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सुरू करताना एक भपका आला आणि थांबला तर वाल्व्ह सील कडक झालीत, रात्रभर ऑइल झिरपून खाली बसलं होतं. गाडी तशीही काही वर्षं चालते. रेस दिल्यावर, चढावर, सतत निळा धूर येत असेल तर रिंग-पिस्टन घासलेत. तिथे मेकॅनिक "हाफ इंजिन" हा शब्द काढेल, म्हणजे इंजिन खोलून रिंगा-पिस्टन बदलण्याचं मोठं काम. त्या गाडीचा मोह सोडा, कारण काम निघालं की गाडीच्या किमतीच्या मानाने ते परवडत नाही.

काळा धूर त्यामानाने निरुपद्रवी. पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर, असं काहीतरी.

आता कान लावा. थंड इंजिनात वरच्या बाजूने टिकटिक येते, ते टॅपेट, म्हणजे वाल्व्ह दाबणारे भाग. शिलाई मशीन लांबून ऐकल्यासारखा आवाज. टॅपेट सेटिंग करून ते बसतं. खालून, पोटातून येणारी जड ठकठक, रेस दिली की वाढणारी, ती बेअरिंगची. ऑइलचा लाल दिवा सुरू झाल्यावर दोन सेकंदांत विझायला हवा. रेंगाळत असेल तर ऑइल प्रेशर कमी आहे. चावी नुसती ऑन केल्यावर तो दिवा पेटतोच आहे ना, तेही बघा. चेक इंजिनचा दिवाही तसाच. मी एका अल्टोत बल्बच काढून टाकलेला बघितलाय.

५. पंधरा मिनिटं उभी ठेवा, मग चालवा

गाडी स्लो स्पीडला पंधरा मिनिटं चालू ठेवा, एसी बंद. काटा हळूहळू वर येऊन मध्याच्या आसपास थांबायला हवा. मग रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. हे चक्र दोनदा बघा. काही मॉडेलमध्ये काटा नाही, नुसता दिवा आहे. तिथे पंख्याच्या आवाजावरच भिस्त.

काटा वरच आला नाही, गाडी कायम थंडच राहिली, तर खूश होऊ नका. आपल्याकडे एक जुनी खोड आहे: गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की तो उघडतो. तो काढला की पाणी कायम फिरत राहतं, इंजिन गार राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून गाडी थंडच आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत बसतो. ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, झीज वाढते. काटा पाव अंतरावरच राहिला तर विचारा, "थर्मोस्टॅट आहे का हो?" उत्तर बहुधा हसून मिळतं.

मग एसी लावा. स्लो स्पीड क्षणभर पडून पुन्हा सावरायला हवी. गाडी गचके खात बंद पडली तर थ्रॉटल बॉडीत काजळी बसलीय किंवा आयडल कंट्रोल वाल्व्ह अडकतोय. साफ करून बहुतेक वेळा काम होतं. स्लो स्पीड सतत वर-खाली होत असेल तर एखादा व्हॅक्युमचा रबरी पाइप चिरलेला असतो. ही दोन दुखणी या इंजिनात इतकी नेहमीची आहेत की त्यासाठी चांगली गाडी सोडू नका.

चालवताना उड्डाणपुलाचा चढ शोधा. दुसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवा. झटके, मिसिंग आलं तर प्लग, प्लगच्या वायरी, नाहीतर कॉइल. तीनपैकी एक सिलिंडर गेला की एक तृतीयांश ताकद गेली, हे लपत नाही. मग उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच येऊ द्या आणि खाली पुन्हा दाबा. त्या क्षणी आरशात निळा भपका दिसला तर वाल्व्ह सील किंवा गाइड.

परत आल्यावर गाडी जिथे उभी कराल तिथे खाली वर्तमानपत्राची पानं पसरा आणि कागदपत्रं बघत बसा. अर्ध्या तासाने पानं काढा. स्वच्छ पाण्याचे थेंब एसीचे, हिरवे-लाल थेंब कूलंटचे, काळे ऑइलचे.

६. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्याच

इथवर सगळं जमलं तर गाडी मेकॅनिककडे न्या. तिन्ही प्लग काढून गेज लावायचा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं, अर्ध्या तासाचं काम. आकडा किती येतो यापेक्षा तिन्ही आकडे जवळजवळ आहेत का ते महत्त्वाचं. दोन सारखे आणि एक साधारण एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटर) जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. मेकॅनिक त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजेल. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलं असण्याची शक्यता जास्त.

काढलेले तीन प्लग रांगेत ठेवून फोटो काढा. विटकरी-राखाडी चांगला. काजळीने काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर, ऑइलने माखलेला म्हणजे वरचं निळ्या धुराचं प्रकरण. एकच प्लग धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

७. सीएनजी, पूर आणि बदललेलं इंजिन

कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या अल्टो २०१० पासून मिळतात. त्या वेगळ्या आणि बाहेर किट बसवलेल्या वेगळ्या. बाहेरचं किट वाईटच असतं असं नाही, पण सीएनजी कोरडा गॅस, जळताना वाल्व्हच्या सीटवर ताण येतो, आणि टॅपेट वेळेवर सेट केले नाहीत तर वाल्व्ह जळतात. अशा गाडीत कॉम्प्रेशन टेस्ट न करता पैसे देऊ नका. किटची नोंद आरसीवर हवी, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी झाल्याची पट्टी हवी. गाडी पेट्रोलवरही सुरू करून चालवून बघा. वर्षभर फक्त गॅसवर चाललेल्या गाडीचे इंजेक्टर आणि टाकीतला पंप चोंदलेले सापडतात.

पुरातली गाडी ओळखायला इंजिनाकडे नाही, केबिनमध्ये बघा. २००५ चा २६ जुलै, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २०२१ चं चिपळूण. त्या पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या फुटावर चिखलाचा डाग असतो. सीटच्या लोखंडी पट्ट्या, मॅटखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा बघा. आणि स्वतःसाठीही: पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन बदललेलं असेल तर त्यात पाप काही नाही. बाजारात जुनी इंजिनं सहज मिळतात. पण ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळलाच पाहिजे. जुळत नसेल तर "आरटीओत करून देतो" या आश्वासनावर टोकनसुद्धा देऊ नका.

८. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी यादी हातात असू द्या.

मूळ आरसी, आणि तिची मुदत. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून नूतनीकरण.
चालू विमा आणि पीयूसी.
मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीसह.
गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५.
दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो आधीच हिशेबात धरा.
दोघांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे, फोटो.
सर्व्हिसची बिलं आणि दुसरी चावी.

गाडी १५ वर्षांच्या पुढची असेल तर सावध. २०२२ च्या एप्रिलपासून अशा मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५००० रुपये झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली. वर पर्यावरण कर आहेच. म्हणजे २००७ ची गाडी "स्वस्त" मिळत असेल आणि तिचं नूतनीकरण बाकी असेल, तर ती तेवढी स्वस्त नाही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून चलान बाकी आहेत का तेही बघा, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली आहे का तेही. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही.

९. गाडी घरी आली, आता पहिला आठवडा

विकणारा काहीही सांगो, हे सगळं नवं करा. "परवाच बदललंय" याला पावती असेल तरच किंमत.

इंजिन ऑइल आणि फिल्टर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच.
कूलंट. पूर्ण सिस्टिम फ्लश करून. पाणी न घातलेलं, कॉन्सन्ट्रेट कूलंट घेतलं तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, नळाचं किंवा बोअरचं नको. रेडिएटरची कॅपही बदला, तिची स्प्रिंग सैल झाली की पाणी लवकर उकळतं.
तीन प्लग, एअर फिल्टर.
टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि तिथलीच ऑइल सील. साधारण ऐंशी हजार ते लाख किलोमीटरच्या दरम्यान बेल्ट बदलतात, पण जुन्या गाडीचा मीटर किती खरा? बेल्ट तुटला की इंजिन जागेवर बंद. हायवेवर उजव्या लेनमध्ये ते व्हायला नको असेल तर हा खर्च टाळू नका.
अल्टरनेटरचा पट्टा. तोच वॉटर पंपही फिरवतो. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका. पट्टा तुटला असेल तर चार-पाच मिनिटांत इंजिन तापतं.

जुन्या गाड्यांचे पेट्रोलचे रबरी पाइप तपासून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं. इंजेक्शन रेलजवळ पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी पाइप बदला. ॲव्हरेजही थोडं पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे, त्यामुळे मेकॅनिकला दोष देऊन उपयोग नाही.

आणि काटा चढलाच तर? एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. जागा मिळताच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. कमीत कमी पाऊण तास. घाट संपायची वाट बघायची नाही.

कूलंटच्या राखीव बाटलीवर मी काळ्या मार्करने रेघ ओढतो आणि शेजारी तारीख लिहितो. दर रविवारी सकाळी, थंड गाडीत, एक नजर. माझ्या बाटलीवर हेडचं काम झाल्यानंतरची पहिली रेघ आहे. पाणी अजून तिथेच आहे.